दुसरी सही

प्रिय द्वितीय,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे, तेव्हा कलमं बांधायचं काम जरा बाजूला ठेव, हात पूस आणि नीट बसून वाच. गेले अकरा दिवस मी एका मोकळ्या जागेपायी हैराण झालो आहे. मोकळी जागा म्हणजे घर बांधायची नव्हे. तेवढं भाग्य आपलं कुठलं. आपली ती ओळी मोजायची कमांड आहे ना, फाईलचं नाव दिलं की आत किती ओळी, किती शब्द ते सांगणारी, ती आकड्याच्या आधी एक जागा मोकळी सोडते. एकच. कोणाच्या अध्यात ना मध्यात. अकरा दिवसांपूर्वी एका गृहस्थांनी आपल्या टपालयादीवर, म्हणजे सगळ्या जगाच्या साक्षीने, निषेध धाडला, की ही जागा अशास्त्रीय, अनाठायी आणि डोळ्यांना क्लेशकारक असून ती तत्काळ काढण्यात यावी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गृहस्थांनी कळवलं, की त्यांच्या कारखान्यातली चाळीस यंत्रं ती जागा तिथे आहे असं धरून चालतात, काढाल तर याद राखा. त्यानंतर एकशे सहा पत्रं आली. प्रत्येकाला मी सभ्य भाषेत उत्तर देतो आहे. एवढ्या श्रमात माझ्या संस्कृत शिकवणाऱ्या वडिलांनी एखाद्या ढ विद्यार्थ्याकडून सगळी धातुरूपं घोटून घेतली असती. आणि ही जागा सोडली कोणी? एकोणीस वर्षांपूर्वी, तू. सोडलीस, हात झटकलेस आणि रोपांना पाणी घालायला निघून गेलास. रोपं बरी, ती निषेध नोंदवत नाहीत.

बाकी इथलं सगळं तसंच आहे. पाणीखात्यात माझं टेबल अजून जुन्या नकाशांच्या खोलीतच आहे. कपाटांमधून वाट काढत खुर्चीपर्यंत पोचावं लागतं, त्यामुळे साहेब फारसे फिरकत नाहीत. सकाळी साडेपाचला उठतो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, सात वाजेपर्यंत आपल्या त्रेसष्ट कमांडची सेवा करतो, मग आंघोळ आणि ऑफिस. ही म्हणते, घरात देव असते तर त्यांचंसुद्धा इतकं केलं नसतंस. तिचं चूक नाही. कन्यारत्नाचं लग्न ठरलं आहे, हे तुला वहिनींकडून कळलंच असेल. व्याही सज्जन आहेत. परवा जेवायला आले होते, तेव्हा त्यांनी फार आदराने विचारलं, की आपण सकाळी नेमकं काय करता. मी म्हटलं, संगणकाचा काळा पडदा असतो, चित्रं नाहीत, बटणं नाहीत; त्यावर दोन-तीन अक्षरं टाइप केली की फाईल मोजली जाते, हलवली जाते, पुसली जाते. ती दोन-तीन अक्षरं ज्यांची नावं आहेत ते छोटे छोटे प्रोग्राम मी सांभाळतो. ही सगळी यंत्रणा फुकट, खुली, जगातल्या कोणीही वापरावी अशी. त्यांनी विचार करून विचारलं, की ते प्रोग्राम तर आधीच लिहून झालेत ना, मग सांभाळायचं काय? बावीस वर्षांत इतका मुद्द्याचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी त्यांना आणखी भात वाढला.

तुला मात्र सांगायला नको. आपण नवं असं जवळजवळ काही लिहिलंच नाही. कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आपण जपली, कधी पुसली, कधी तिच्या शेजारी एक टीप ठेवली. आणि प्रत्येक बदलाखाली दोन सह्या: ज्याने केला त्याची पहिली, ज्याने वाचून होकार दिला त्याची दुसरी. माझ्या बदलांखाली पंधरा वर्षं दुसरी सही तुझी होती, म्हणून तू द्वितीय. काय भांडायचास रे. एकदा मदतीच्या पानावरच्या एका वाक्यात स्वल्पविराम हवा की नको यावर तू मला चार दिवस तंगवलं होतंस आणि पाचव्या दिवशी लिहिलंस, की स्वल्पविराम राहू दे, वाक्यच काढ. सात वर्षांपूर्वी तू एका ओळीचं पत्र टाकलंस: आता पुरे, मला ओल्या मातीत हात घालायचे आहेत. मी महिनाभर रागावलो, मग हेवा वाटायला लागला, मग कामात बुडालो. तुझ्या जागी कोणी आलं नाही. आवृत्त्यांचा कारभार बघणाऱ्या मंडळाने तात्पुरती सवलत दिली, की या कमांडपुरतं मी एकट्याने सही केली तरी चालेल. तात्पुरतीला सात वर्षं झाली. मीच लिहितो, मीच वाचतो आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारून पुढे जातो.

आता विसाव्या तारखेला नवी आवृत्ती बाहेर पडायची आहे. माझी किल्ली, म्हणजे फक्त माझ्याकडे असलेला तो गुप्त संकेत, लावून माझी सही झाली, की या त्रेसष्ट कमांड जगभरच्या लाखो यंत्रांवर जाऊन बसतील. इस्पितळांत, बँकांत, शाळांत, आमच्या पाणीखात्याच्या पंपांवरसुद्धा. पंधरा दिवस उरले आहेत आणि ती सही करावी की नाही हे माझं ठरत नाहीये. हे पत्र कागदावर लिहितो आहे तेही त्याचसाठी. टपालयादीवर लिहिलेलं जन्मभर जगाला दिसतं. हे मला फक्त तुला दाखवायचं आहे.

एक ग्रंथपालबाई आहेत. तू गेल्यानंतर आल्या, म्हणून तुझी ओळख नाही. कुठल्याशा लहान गावातलं वाचनालय सांभाळतात, तिथल्या मागच्या खोलीत एक जुनं यंत्र आहे, त्यावर आपली येऊ घातलेली आवृत्ती आधीच चालवून बघतात आणि काही बिघडलं तर कळवतात. कधी तक्रारीचा सूर नाही. मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं, की पुसायच्या कमांडने त्यांच्या पुस्तकांची अख्खी सूची पुसली. आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून एका दिवसाच्या नोंदींवर निभावलं. त्यांनी कमांडला पुसायच्या चार फाईलींची यादी दिली होती, त्या यादीत चुकून एक ओळ कोरी राहिली होती. त्यांनी नम्रपणे विचारलं, की आधी अशा वेळी कमांड थांबायची, ती सोय आता काढली आहे का?

मी त्यांना दोन पानी उत्तर पाठवलं. लेका, काय उत्तर होतं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, दृष्टान्त, सगळं. सार एवढंच, की अशी सोय या कमांडमध्ये कधीच नव्हती. आपली स्मृती आपणास दगा देत असावी. यापुढे यादी देताना काळजी घ्यावी. 'स्मृती' हा शब्द मी वापरला.

त्यांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यांनी वाद घातला नाही. आपल्या टपालयादीच्या दप्तरातून बारा वर्षांपूर्वीचं एक पत्र काढून तेवढं जोडलं होतं आणि वर एकच ओळ लिहिली होती: "हे आपलंच ना?"

पत्र माझं होतं. मी ते एखाद्या परक्याचं वाचावं तसं वाचलं. त्यात म्हटलं होतं, की यादीत एखादी ओळ कोरी असेल तर नावच नाही म्हणून आपली पुसायची कमांड ती ओळ म्हणजे अख्खा फोल्डरच असं समजते आणि सगळा फोल्डर पुसून टाकते. माझ्या हातून मागच्या आठवड्यात असंच झालं. त्यात एका सहकाऱ्याच्या घरातल्या, पुन्हा कधीही न मिळणाऱ्या गोष्टी गेल्या. म्हणून आजपासून कोऱ्या ओळीशी कमांड थांबेल, ही अट कोणीही, कोणत्याही कारणाने काढू नये. भाषा माझी. ओढूनताणून आणलेले समास माझे. मधला एक फुसका विनोद तर शंभर टक्के माझा. प्रसंग मात्र काही केल्या आठवेना. खाली दोन सह्या होत्या, पहिली माझी, दुसरी तुझी.

मग नोंदी उघडल्या. आपल्या धंद्यात हीच पंचाईत आहे, प्रत्येक ओळीपुढे नाव, तारीख आणि कारण लिहिलेलं असतं, त्यामुळे माणसाला विसरायची सोय नाही. ती अट तीन महिन्यांपूर्वी काढली गेली होती. काढणारा मी. ओळीशेजारी टीप होती, की काढू नये, अमुक तारखेचं पत्र पाहावं; मी तीही ओळीबरोबर काढली होती. कारण म्हणून लिहिलं होतं, निरर्थक अट, हेतू समजत नाही. आणि तुला म्हणून सांगतो, काम बघशील तर सुरेख केलं आहे. अकरा ओळींच्या जागी चार ओळी. मला स्वतःला वाचताना क्षणभर बरं वाटलं.

अट त्याच सकाळी परत घातली, बाईंची माफी मागितली. त्यांनी लिहिलं, की एका दिवसाच्या नोंदी वाचकांच्या मदतीने पुन्हा लिहून झाल्या, आपण मनाला लावून घेऊ नये. पण मी ते पत्र छापून खिशात ठेवलं आणि आठवडाभर फिरलो. शेवटी रविवारी सकाळी हिच्यापुढे टेबलावर पसरलं आणि विचारलं, की हा सहकारी म्हणजे द्वितीयच दिसतो, पण त्याचं नेमकं काय गेलं होतं? ती भाजी निवडत होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतोय का ते बघायला. मग पालेभाजीची जुडी बाजूला ठेवली. तिने सांगितलं, की तुझ्या आईचा आवाज. त्या गेल्यावर तू जुन्या फितींवरून त्यांचा आवाज संगणकावर उतरवून घेतला होतास, फिती झिजल्या होत्या म्हणून टाकूनही दिल्या होत्यास, आणि तुझ्या खोलीत तुझ्याच यंत्रावर काम करताना मी ते सगळं पुसलं. मी आठ दिवस धड जेवलो नव्हतो म्हणे. तू आठव्या दिवशी घरी आलास, माझ्यापुढे ताट ठेवलंस आणि म्हणालास, आता ती अट लिही, मी सही करतो.

हिला हे सगळं तारखेसकट आठवतं. मला तुझी ती खोली आठवते, खिडकीपाशी लावलेलं यंत्र आठवतं, पायाशी घोटाळणारी शेजाऱ्यांची मांजर आठवते. तुझ्या आईसुद्धा आठवतात, मला बसायला मुद्दाम मोडकी खुर्ची द्यायच्या, लवकर उठून जावं म्हणून. त्यांचा आवाज मी पुसला, एवढंच नेमकं माझ्याजवळ नाही. तेव्हा मी तुझी क्षमा मागितली असेल, तू केलीही असशील. आठवत नसलेल्या गोष्टीची क्षमा माझ्या खात्यावर आहे की नाही, कळत नाही. तू गेलास तो मातीसाठीच ना? की त्यात याचाही वाटा होता, आणि हेही मी कधीतरी ऐकून विसरलो आहे?

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण आहेत, घाईत असतात. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द देऊन दहा मिनिटांनी विचारले. मी तिन्ही सांगितले, आणि मागितलं नसताना त्यांची षष्ठीची रूपंही सांगितली. ते खूश झाले, म्हणाले या वयात दमल्याने असं होतं, सहा महिन्यांनी या. दमलो आहे हे खरं. पण त्यांच्याकडे दहा मिनिटांची नोंद आहे, माझ्याकडे बावीस वर्षांची. घरी येऊन मी मागच्या चौदा महिन्यांतली माझीच पत्रं वाचली. एकाच माणसाला एकच उत्तर दोनदा दिलेलं चार ठिकाणी सापडलं. एका ठिकाणी मी मार्चमध्ये होकार दिलेल्या बदलाला मेमध्ये खरमरीत नकार दिला आहे, आणि तो बिचारा गप्प बसला, ज्येष्ठ आहेत म्हणून. बदल एकूण तीनशे बारा. त्यातले कुठले धड आणि कुठले सुरेख चुकलेले, हे मला वाचून कळत नाही. वाचणारा तोच आहे ना.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी म्हटलं, त्या मोकळ्या जागेच्या एकशे सहा पत्रांचा एकदाचा निकाल लावावा, म्हणून एकोणीस वर्षांपूर्वीची नोंद उघडली. ती जागा तू सोडली नव्हतीस. मी सोडली होती. दुसरी सहीसुद्धा तू कुरकुरत दिली होतीस, शेजारी लिहिलं आहेस: मला पटलेलं नाही, पण याला आकडे कडेला चिकटलेले बघवत नाहीत. इतकी वर्षं मी चारचौघांत तुझ्या नावाने हसत आलो. वर पहिल्याच परिच्छेदात तुझ्यावर जो आरोप केला आहे तो मी खोडलेला नाही. आपल्याकडे खोडायची पद्धत नाही, जे लिहिलं ते राहतं, पुढे दुरुस्ती लिहायची. ही दुरुस्ती समज.

वहिनींना नमस्कार सांग. लग्नाला तुम्ही दोघांनी चार दिवस आधी यायचं आहे, कन्येने खास बजावलं आहे. व्याह्यांना तुझी ओळख करून द्यायची आहे, त्यांच्या प्रश्नाला तू तरी उत्तर देशील. तिकडची ती आंबट पेरूची रोपं जगली का? मागे लिहिलं होतंस. की हे दुसऱ्याच कोणी लिहिलं होतं? बघ, आता असं प्रत्येक वाक्याला अडखळायला होतं.

मला तुझ्याकडून काय हवं आहे ते लिहायला मी पाच पानं घालवली. ही परवा म्हणाली, "भावजींना विचार. ते तुझ्याशी खोटं बोलणार नाहीत." तर विचारतो. विसाव्या तारखेच्या आत माझे ते तीनशे बारा बदल तू वाचशील का? सगळे नाही जमले तर पुसायच्या आणि हलवायच्या कमांडचे तरी. हात मातीचे असले तरी चालतील. तू वाचलंस आणि दुसरी सही केलीस, तर मी पहिली करीन. तुला ते ठीक वाटले नाहीत, तर मंडळाला कळवण्याआधी मला एका ओळीत कळव. मी किल्ली त्यांच्या हवाली करीन आणि कारण दमलो असं लिहीन. वडिलांचं तुला ठाऊक आहे. शेवटच्या वर्षी त्यांना सगळी शब्दरूपं, तिन्ही लिंगांत, तिन्ही वचनांत, एकही चूक न होता येत होती. सकाळी उठून म्हणायचे, लोक ऐकत राहायचे, म्हणायचे गुरुजींची बुद्धी बघा. मी समोर बसलेलो असायचो आणि ते मला विचारायचे, आपण कोणाकडे आलात? म्हणून त्या अकरा ओळींच्या चार ओळी झालेल्या बघून मला धडकी भरली. मला भीती वाटते, द्वितीय. माझंही तसंच सुरू झालं आहे, आणि ते मला सर्वांत शेवटी कळेल.

तुझाच,
प्रथम